बातल ते ग्राम्फू, आणि चौदाची हवा असलेली स्टेपनी

हिमाचलमधल्या स्पितीला जाऊन आलो. पुण्याहून स्वतःच्या गाडीने. नारकंडा, कल्पा, नाको, काझा आणि कुंझुम खिंडीवरून मनाली. ताबो, धनकर, की या मठांबद्दल काही लिहित नाही, त्यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मला लिहायचंय ते टायरबद्दल, कारण या सगळ्या प्रवासात मला पक्कं आठवतंय ते बातलच्या पुढे, छोटा दड्याच्या अलीकडचं एक वळण, जिथे मी दीड तास गुडघ्यांवर होतो.

गाडी पाच वर्षांची, पुढच्या चाकांवर चालणारी, कॉम्पॅक्ट एसयूव्ही. टायर २१५/६० आर १७ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), साधे रस्त्याचे, निघायच्या आधी दोन महिने चारही नवीन टाकलेले. टायरवाल्याने ए/टी (ऑल-टेरेन, कच्च्या वाटेलाही चालणारे) टाकायचा आग्रह केला होता. मी टाकले नाहीत आणि त्याचा पश्चात्तापही नाही. चुकलो ते दुसरीकडे.

आमच्या सोसायटीत तीनदा लडाख केलेले एक काका आहेत. निघायच्या आदल्या रात्री पार्किंगमध्ये त्यांनी सांगितलं, "दगडांचा रस्ता लागला की हवा चोवीसवर आण. टायर मऊ होतो, दगड गिळतो." (हवेचे सगळे आकडे पीएसआय या दाबाच्या मापात.) काका चुकीचं बोलले असं नाही. त्यांची जीप आहे, तिच्या टायरची भिंत जाडजूड. माझ्या टायरची भिंत जेमतेम १२९ मिमी. (गणित सोपं आहे : २१५ चे ६० टक्के.) एवढी उंची, चार माणसं, मागे सामान आणि चोवीस हवा, म्हणजे खड्ड्यातला धोंडा थेट रिमपर्यंत पोचतो आणि साइडवॉल, म्हणजे हीच भिंत, दोघांच्या मध्ये चेंगरते. शिवाय मऊ टायर बाहेर फुगतो आणि कडेचे धारदार दगड नेमके तिथेच लागतात. हे मला आता कळतंय. तेव्हा मी कुंझुमच्या अलीकडच्या लोसारला उतरून चारही चाकांची हवा सोडली, ती पण शीळ घालत.

गंमत म्हणजे त्याची गरजच नव्हती. काझ्यात सकाळी पाच-सहा अंश तापमानात गेज लावला तर पुण्यात भरलेली तेहेतीस तिथेही तेहेतीसच दाखवत होती. थंडीने हवा आकसते, साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय. पण ३,८०० मीटर उंचीवर बाहेरचा दाब कमी, म्हणून गेज तितकाच वर सरकतो. दोन्ही एकमेकांना कापतात. ऊन तापल्यावर दोन-तीनने वाढते, वाढू द्या. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघा आणि विषय संपवा. रस्त्याच्या टायरवर, सामान भरलेल्या गाडीत, हवा सोडू नका. कोणीही सांगितलं तरी.

कुंझुम चढताना काहीच झालं नाही. बातलला चहा घेतला. तिथून ग्राम्फूपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर, आणि त्याला रस्ता म्हणणं हा सरकारी शिष्टाचार आहे. चंद्रा नदीच्या काठाने हिमनदीने आणून टाकलेले गोटे, त्यांच्यातून काढलेली वाट, मध्ये मध्ये आडवे वाहणारे ओढे. काही तुकड्यांवर रुंदीकरण चालू आहे आणि ते तर आणखी वाईट, कारण ताजी फोडलेली खडी सुरीसारखी असते. नदीच्या गोट्याने टायर कापत नाही, फोडलेल्या दगडाने कापतो. हे वाक्य लक्षात ठेवा आणि शक्य तिथे जुन्या चाकोरीतूनच गाडी न्या.

डावं पुढचं चाक गेलं. आवाजही फार नाही, फुस्स. साइडवॉलला बोटभर चीर. चिरेत रबराची वात घालता येत नाही, पॅच बसत नाही. टायर मेला.

इथून पुढचं नीट वाचा.

स्टेपनी काढली. पाच वर्षांत एकदाही बाहेर न काढलेली. हवा चौदा! टायर २०५/६५ आर १६, म्हणजे इतर चारांपेक्षा दीड-पावणेदोन सेंटिमीटर लहान, आणि त्यावर ताशी ८०ची मर्यादा लिहिलेली. मेहुणा म्हणाला, "दाजी, ही खेळण्यातली आहे का?" लहान चाक पुढे लावलं तर दोन्ही पुढची चाकं वेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर) सतत त्याची भरपाई करत राहतो. म्हणून पुढचं चाक गेलं तर आधी मागचं चाक काढायचं, तिथे स्टेपनी लावायची आणि मागचं चांगलं चाक पुढे आणायचं. दोनदा जॅक, दहा नट. साडेतीन हजार मीटरच्या वर. चार नट काढले की बसायचं, धाप कमी झाली की पाचवा.

तो पाचवा निघालाच नाही. पुण्यात टायर टाकताना हवेच्या गनने नट आवळतात, अडकेपर्यंत. कंपनीच्या वीतभर पान्यावर मी अक्षरशः उभा राहिलो, तरी हलला नाही. फोनला रेंज नाही. पाऊण तासाने काझ्याकडे जाणारी एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबली. ड्रायव्हरने सीटखालून दोन हात लांब लोखंडी पाइप काढला, पान्यावर चढवला आणि एका हिसक्यात नट सैल. मग त्याने इतर चाकांवर लाथ मारून पाहिली आणि विचारलं, "हवा किसने कम करवाई?" मी काकांचं नाव घेतलं नाही. तो स्वतः दोन स्टेपन्या घेऊन फिरतो. पैसे घेतले नाहीत, आमच्याकडची भाकरवडी घेतली.

तेव्हा निघण्यापूर्वी : टायरवाल्याकडून परत येताच सगळे नट एकदा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पान्याने सोडवून बघा. सुटत नसेल तर तो चौकातच कळू दे. चौपाना (चार टोकांचा पाना) घ्या, नटाच्या मापाचा. जॅकखाली ठेवायला फळी घ्या, नाहीतर जॅक खडीत रुततो. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे हे माहीत असेलच. आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप हवाच; आमच्याकडे होता म्हणून चौदाची तेहेतीस झाली. पण त्याची वायर मागच्या चाकापर्यंत पुरत नाही, म्हणून स्टेपनी लावण्याआधीच पुढे आणून भरा. आम्ही हे चाक लावल्यावर शोधून काढलं.

या सगळ्यात दुपार झाली, ओढ्यांना पाणी चढलं. ऊन वाढतं तसा बर्फ वितळतो, त्यामुळे छत्रूच्या आसपासचे नाले सकाळी घोट्याएवढे आणि दुपारी मांडीएवढे. काझ्याहून पहाटे निघा. आम्ही नाश्त्याला आलू पराठ्यांची वाट बघत साडेआठ वाजवले. त्या पराठ्यांची किंमत आम्ही पागल नाल्यात चुकवली.

आता लुबाडणुकीकडे. ब्यासच्या खोऱ्यात एका टायरच्या दुकानात गेलो. आधी म्हणाला, "साइडवॉल भी हो जाएगा, पंधरह सौ." कोणी असं म्हटलं तर मागे वळा, कापलेली साइडवॉल दुरुस्त करून घाटात गाडी चालवणं म्हणजे वेडेपणा. मग नवा टायर दाखवला. माझ्या मापाचा, तोच नमुना, पुण्यात साडेआठ हजारांना घेतलेला. इथे चौदा हजार. दुर्गम भागात थोडं जास्त लागणार हे मान्य. पण टॉर्च लावून भिंतीवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. त्या टायरला चार वर्षं होऊन गेली होती. मी बोट ठेवून दाखवलं तर म्हणाला, वो तो बैच नंबर है. खोटं बोलण्याआधी निदान गिऱ्हाईकाचं तोंड बघावं!

मी निघालो. स्टेपनीवरच, साठ-सत्तरच्या वेगाने, चंदीगडपर्यंत. दिवस गेला, ट्रक मला ओव्हरटेक करत होते, बायको माझ्याशी बोलत नव्हती. चंदीगडला चालू वर्षात बनलेला टायर नऊ हजार दोनशेला मिळाला. शहाणपणा होता की हट्ट, ते त्या दिवशी ज्याच्या त्याच्या सीटवर अवलंबून होतं.

टायर कोणता घ्यावा? मोठ्या नक्षीचे एम/टी (मड-टेरेन, चिखलासाठीचे) घरच्या गाडीला लावू नका, हायवेवर दोन दिवस भुंग्यासारखे गुणगुणतील आणि ओल्या डांबरावर दगा देतील. ए/टी चांगले, पण निव्वळ स्पितीसाठी चारही बदलण्याइतके नाहीत. नक्षी पाच मिमी शिल्लक असेल, टायर तीन वर्षांच्या आतला असेल, भिंतीवर फुगा नसेल तर आहे तेच घेऊन जा. खाचेतल्या १.६ मिमीच्या खुणेपर्यंत टायर कायद्याने चालतो, बातलला नाही. खरा फायदा हवा असेल तर रिम लहान करा. तुमच्या गाडीचं खालचं मॉडेल सोळाच्या रिमवर येत असेल आणि ब्रेक त्यात बसत असेल, तर २१५/६५ आर १६ लावा : बाहेरचा घेर जवळपास तोच, भिंत अकरा मिमी उंच आणि डिकीतल्या स्टेपनीचा रिमही सोळाचाच. शोरूममध्ये सतराच्या चकचकीत अलॉयसाठी जास्तीचे पैसे मोजलेले आम्ही, छोटा दड्याला सोळाच्या काळ्या लोखंडी रिमला हात जोडत होतो.

आणखी एक. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट परत आवळायचे. अटल बोगद्याच्या आधी थांबून पाहिलं, तर मागच्या डाव्या चाकाचे दोन सैल झाले होते.