सरकारी शाळेची सहावी ते आठवी कशी पारखावी

शाळेचा सरासरी निकाल आधी बाजूला ठेवा. मुलं कुठल्या घरांतून येतात, हेच त्यात जास्त उतरतं. सहावीत आलेली तुकडी आठवीपर्यंत किती पुढे गेली, ते विचारा. यंदाच्या सहावीची तुलना गेल्या वर्षीच्या सहावीशी करू नका, ती मुलंच वेगळी. आणि वर्गात २० मुलं असतील तर एका मुलाने टक्केवारी ५ने हलते, म्हणून किमान तीन वर्षांचे आकडे हवेत.

खरी शाळा वह्यांत दिसते. सातवीच्या गणिताच्या पाच-सहा वह्या मागा, पण फक्त हुशार मुलांच्या नकोत. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते शिक्षकांनी दाखवलंय? मुलाने ते गणित पुन्हा सोडवलंय का? अपूर्णांक इथे कच्चे राहिले की पुढे बीजगणितात मूल बहुतेकदा अडतं, आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीला दिला जातो.

मधल्या सुट्टीत जा. स्वच्छतागृहाला पाणी आणि आतून कडी हवीच. हे नसेल तर अनेक मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात. वर्षाच्या मध्यात किती शिक्षक बदलले, तेही विचारा.