पुठ्ठा

दादासाहेब फाळके नाशिकमध्येच गेले, १६ फेब्रुवारी १९४४ ला. म्हणून आमच्या फिल्म मंडळाचा वार्षिक मेळावा त्या तारखेच्या जवळच्या रविवारी असायचा. अशोक स्तंभापासून जरा आत एका वाड्याची माडी, खिडक्यांना काळे कागद, पडदा म्हणून कुणाच्या तरी घरची डबल बेडची चादर. मध्यंतरात मिसळ. सिनेमाआधी सिनेमाच्याच भेंड्या: नुसत्या हातवाऱ्यांवरून नाव ओळखायचं आणि हरणाऱ्या गटाने मिसळीची भांडी घासायची. मी तीन वर्षं सलग घासली.

एका वर्षी इटालियन दिग्दर्शक बर्तोलुचीचा ‘द ड्रीमर्स’ लावला. २००३ चा सिनेमा, गोष्ट १९६८ च्या पॅरिसमधली. सिनेमातेक हे जुने सिनेमे जपणारं आणि दाखवणारं घर. ते उभं करणाऱ्या आँरी लाँग्ल्वाला सरकारने फेब्रुवारीत काढलं आणि सिनेमावेडे रस्त्यावर उतरले. एका सिनेमा जपणाऱ्या माणसासाठी पोलिसांच्या लाठ्या! एप्रिलमध्ये सरकारला त्याला परत घ्यावं लागलं. मे महिन्यातल्या विद्यार्थ्यांच्या उठावाआधीची ही ठिणगी, हे आमच्यातल्या निम्म्यांना तोवर ठाऊक नव्हतं.

त्या निदर्शनात एका अमेरिकन पोराची एका जुळ्या बहीण-भावाशी गाठ पडते. त्यांचे आईवडील गावाला गेलेले. मग तिघं घरात कोंडून घेतात आणि खेळतात काय, तर सिनेमाच्या भेंड्या! फक्त हरणाऱ्याला भांडी घासावी लागत नाहीत. जे करावं लागतं ते सुरू झालं, तसे प्रोजेक्टरवाले काका उठले आणि भिंगासमोर पुठ्ठा धरून उभे राहिले. चादरीवर अंधार, आवाज मात्र चालू. त्याने तर आणखीच पंचाईत.

शेवटी मागच्या खुर्चीवरून आमच्या निवृत्त बाई म्हणाल्या, “काका, पुठ्ठा काढा. फाळक्यांनी १९१३ सालीच ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राजवाड्यातल्या बायका हौदात भिजवल्या. तेव्हा कुणी पुठ्ठा धरला होता का?”

“पण बाई, त्या बायका पुरुष होत्या!”

सगळी माडी हसली. पुठ्ठा निघाला तो निघालाच.

मला त्या उघडेपणाचं आज फारसं काही आठवत नाही. आठवतं ते हे, की आईवडील अवचित परततात, तिघांना तसं झोपलेलं बघतात आणि गुपचूप चेक ठेवून निघून जातात. “आमच्या बापाने चेक नसता ठेवला,” शेजारचा कुजबुजला. बापाच्या पैशाची वाइन पिऊन क्रांतीच्या गप्पा मारणारी ती पोरं मला तेव्हा फार ग्रेट वाटली होती. नंतर कधी पाहिला तेव्हा जरा लाडावलेलीच वाटली. (वयाचा दोष, दुसरं काय.)

शेवटाकडे खिडकीतून दगड येतो, काच फुटते आणि खाली रस्त्यावर मोर्चा. नेमक्या त्याच वेळी आमच्या माडीखाली शिवजयंतीच्या ढोलाची तालीम सुरू झाली. नाशिक ढोल तो, पुढचा एक संवाद ऐकू येईना. कुणीतरी जाऊन खिडकीचा काळा कागद टराटरा फाडला. निम्मे लोक खिडकीत, निम्मे चादरीसमोर, आणि मी दोन्हीच्या मधे मान वळवत उभा.

त्या वर्षी भेंड्या बाईंचा गट हरला होता. बाईंनी पदर खोचला, काकांना हाक मारली आणि तोच पुठ्ठा चुलीला वारा घालायला त्यांच्या हातात दिला. भांड्यांना गरम पाणी लागणार होतं.