तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यां चित्र म्हणूचां की शिनेमा?

कुडाळ तालुक्यातल्या शाळेत मी २९ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांकडून स्थिरचित्रातला तांब्या आणि संकल्पचित्रातलं फूल घोटवून घेणं, हे मुख्य काम. पण दरवर्षी एक तास मी मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानींसाठी राखून ठेवायचो. आधी कात्रणं दाखवायचो, पुढे पुढे मोबाइल. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "सर, ह्यां चित्र म्हणूचां की शिनेमा?" पालकांचा प्रश्न जरा वेगळा असायचा: हात इतका चांगला असताना ह्या बाईंनी चित्रं सोडून टीव्ही कशाला मांडले? निवृत्त झालो तरी लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न गाठतोच. म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

चित्रं त्यांनी सोडलेलीच नाहीत, हे आधी. आणि कॅमेराही काही म्हातारपणी लागलेला नाद नव्हे. १९६४ ते ६९ त्या जे.जे.त शिकत होत्या, आणि त्याच काळात भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाला जागा मिळाली होती. तिथे चित्रकार, नाटकवाले, गाण्यातले लोक एकाच आवारात वावरत. शेजारी नाटकाची तालीम चालू आणि आपण रंग कालवतोय, अशा वातावरणात वाढलेल्या पोरीला चित्र म्हणजे फक्त चौकट असं कसं वाटेल? १९६९ साली चित्रकार अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' काढलं. चित्रकारांच्या हातात कॅमेरा द्यायचा, हा हेतू. तेविशीच्या मलानींनी तिथे पुठ्ठ्याची घरं बांधली, त्यांच्यावर रंगीत उजेड टाकला आणि एकेक फ्रेम टिपत 'ड्रीम हाउसेस' हा छोटा चित्रपट केला. नव्या देशात सगळ्यांना नवी, छान घरं मिळणार, ह्या स्वप्नाचे दिवस होते ते. १९७६मध्ये त्यांनी त्याला जोड दिली ती कृष्णधवल फिल्मची: एक तरुणी उंच इमारतीतून खालच्या झोपड्यांकडे बघते आहे. दोन्ही फिल्मा शेजारीशेजारी लावायच्या. नाव 'युटोपिया'. सात वर्षांत स्वप्नाचं काय झालं ते कळायला निवेदकाची गरज पडत नाही.

आणि मग? मग ह्या फिल्मा कित्येक दशकं डब्यात. वर्कशॉप तर १९७२च्या सुमारासच बंद पडलं होतं. फिल्म धुवायला पैसा लागतो, दाखवायला जागा लागते, आणि त्या काळच्या गॅलरीत भिंतीवर खिळा मिळायचा, प्रोजेक्टर नाही. "करिअर" म्हणून तुम्ही जे विचारता ना, त्यातला हा भाग मी पालकांना मुद्दाम सांगतो. ज्या कामासाठी आज जग त्यांना बोलावतं त्याची सुरुवात विशीत झाली आणि तिच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. मधली वर्षं त्या रंगवत राहिल्या. फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर दोन वर्षं पॅरिसला होत्या, पण परत मुंबईला आल्या. पुढे त्यांचा स्टुडिओ होता लोहार चाळीत. लोहार चाळ म्हटल्यावर आमच्याकडच्या वायरमनला होलसेलमधल्या केबली आठवतात. मलानींच्या चित्रांत आली ती तिथली माणसं.

१९९२ साली त्यांनी मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत कॅनव्हास टांगलेच नाहीत. थेट भिंतींवर चित्रं काढली. 'सिटी ऑफ डिझायर्स' हे त्या कामाचं नाव. नाथद्वाऱ्यातली जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नष्ट होत होती, त्याबद्दलचा राग त्यात होता. पंधरा दिवसांनी सगळ्यावर चुना फासला. विकायला काहीच उरलं नाही. आमचे एक मुख्याध्यापक हे ऐकून म्हणाले होते, "म्हणजे रांगोळीच की." मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी झाडूनच टाकायची असते म्हणून रांगोळी कोणी कमी मन लावून काढत नाही.

पुढच्या वर्षी मॅक्स म्युलर भवनात अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर त्यांनी ग्रीक पुराणातल्या मेडीआच्या कथेवर नाट्य, चित्र आणि व्हिडिओ एकत्र आणले. पण माझ्या दृष्टीनं खरं वळण १९९८चं. मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले, पाठोपाठ पाकिस्ताननं केले, दोन्हीकडे पेढे वाटले गेले. मलानींचा जन्म कराचीचा, १९४६चा. फाळणीत कुटुंब सिंध सोडून आलं, आधी कलकत्त्याला, मग मुंबईत. त्यांनी मंटोच्या उर्दू कथेतल्या टोबा टेकसिंगला हाक मारली. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते, तेव्हा दोन कुंपणांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर आडवा होणारा तो माणूस. हे काम १९९९ला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडलं होतं, आणि तिथे मी होतो.

खरं तर चुकूनच होतो. शाळेची सहल. गेटवे, मत्स्यालय, म्युझियम, रात्री परतीची गाडी. पोरं मोर आणि ममी शोधत होती. एका अंधाऱ्या दालनात शिरलो तर जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका उघड्या, आणि प्रत्येकीत एक टीव्ही चालू. भिंतींवर अणुस्फोटाचे ढग. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका, एक इकडची, एक तिकडची, एकच साडी धरून घडी घालायला बघतायत. मधे आख्खी खोली. घडी काही होत नव्हती. पोरं गप्प झाली. सातवीतला एक ट्रंकेजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "सर, काकाची ट्रंक." त्याचा काका चाकरमानी, गणपतीला अशीच ट्रंक घेऊन एस्टीतून उतरायचा. त्याला ना फाळणी ठाऊक, ना मंटो. पण घर सोडलेल्या माणसाचं सामान त्यानं बरोबर ओळखलं.

टीव्ही कशाला, ह्याचं उत्तर मला त्या दालनात मिळालं. गॅलरीत चित्र बघायला येतो तो चित्र बघायलाच येतो, आणि आमच्यासारखे तिथे पायरीही चढत नाहीत. म्युझियममध्ये सहली येतात, गावचे पाहुणे येतात. हलणारं चित्र दिसलं की माणूस थांबतो. ज्यांनी बघायला हवं ते जिथे आहेत तिथे चित्र न्यायचं, तर त्याला पाय फुटायला हवेत.

आणि हात? तो कुठेच गेला नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चित्रकार भूपेन खख्खरांकडून त्यांनी उलटं चित्र काढायची रीत घेतली. काचेसारख्या पारदर्शक तावाच्या मागच्या बाजूनं रंगवायचं आणि पुढून बघायचं. एरवी आपण आधी पार्श्वभूमी भरतो आणि शेवटी डोळ्यातला ठिपका देतो. इथे ठिपका आधी, मग डोळा, मग चेहरा, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. खोडायची सोय नाही. मलानींनी हे मायलरच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या, मोठ्या नळकांड्यांवर रंगवलं, नळकांडी छताला टांगून फिरवली आणि त्यांतून प्रोजेक्टरचा उजेड सोडला. भिंतीवर सावल्या चालू लागल्या. आमच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यानं पाहिल्यात त्याला हे नवं वाटणार नाही: मागे दिवा, पुढे पडदा, मधे रंगवलेली आकृती. मलानींनी हे पिंगुळीवरून घेतलं असं मी म्हणत नाही. दिवा आणि पडदा कोणाच्या मालकीचे नसतात.

२०१२ साली जर्मनीत कासेलच्या 'डॉक्युमेंटा' ह्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांनी 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' मांडलं. पाच नळकांडी, सहा प्रोजेक्शनं, शीर्षक उर्दू कवी फैजच्या कवितेवरून, आत ग्रीकांची कॅसांड्रा, जिचं खरं भविष्य कोणालाच पटत नाही ती. मला विचाराल तर कधीकधी त्या एका ताटात फार पदार्थ वाढतात. माझ्यासारख्याची कॅसांड्रा हुकते आणि मग उगाच ओशाळं वाटतं. पण सावल्या बघायला कॅसांड्रा माहीत असावी लागत नाही, हेही खरं.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते पंगतीतल्या लोकांना आवडतं. २०१७ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात ५० वर्षांच्या कामाचं सिंहावलोकन. २०२०मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीची पहिली समकालीन फेलोशिप. २०२३ला जपानचा क्योटो पुरस्कार, दहा कोटी येनचा. आकडा ऐकला की पालकांचा चेहरा बदलतो. मी लगेच आठवण करून देतो की तेव्हा बाई ७७ वर्षांच्या होत्या.

मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी की सत्तरी ओलांडल्यावर त्या आयपॅडवर बोटानं चित्रं काढू लागल्या. 'कॅन यू हिअर मी?' ह्या कामात अशी ८८ ॲनिमेशनं आहेत. जम्मूतल्या कठुआत आठ वर्षांच्या मुलीवर जो अत्याचार झाला, तिचा खून झाला, त्यातून ते निघालं. वर्गात हे सांगताना मी दरवेळी अडखळलो. रेघा घाईच्या, खरडलेल्या, वहीच्या मागच्या पानावरच्या. इंटरमिजिएटला अशा रेघेचे मार्क कापतात. मीही कापलेत.

आता सुट्टीत आमच्या पडवीत पोरं जमतात. पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद उलट्या बाजूनं रंगवून गुंडाळायचा, दोरीनं टांगायचा, मागून बॅटरी मारायची. दरवेळी एक तरी शहाणा आधी आभाळ भरतो आणि पुढून नुसतं निळं दिसतं. फिरवायला जुन्या टेबलफॅनची मोटर लावून बघितली, तर सगळं गरगरायला लागलं. कासेलची नळकांडी मिनिटाला चार फेरे घ्यायची. म्हणजे एका फेऱ्याला पंधरा सेकंद. म्हणून आम्ही हातानंच फिरवतो. आकडे मोजायचं काम धाकट्यांकडे असतं, आणि ते बाराच्या पुढे हटकून घाई करतात.