पाहुणे येऊन राहिले

चिखलदऱ्याचे तीन दिवस छान गेले. गाविलगड पाहिला, भीमकुंडापाशी बसले, तिथलीच कॉफी प्यायले. पण सांगायचंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं, परतवाड्याचं.

पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी मूळचा परतवाड्याचा. "चिखलदऱ्याला आमच्या गावावरूनच जावं लागतं, एक रात्र आईकडे राहा," असं त्याने बजावून सांगितलं होतं. बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या स्टँडवर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिथून काकूंना फोन केला. मी बोलायला लागणार तेवढ्यात त्यांना घरातून कोणीतरी काहीतरी विचारलं. फोन तसाच कानाला धरून त्या म्हणाल्या, "अवो, पाहुणे येऊन राहिले, सैपाक व्हाचा हाय अजून."

मला वाटलं, घरी आधीच पाहुणे मुक्कामाला आहेत. त्यात आपली आणखी भर कशाला? मी म्हटलं, "काकू, आज मी अमरावतीतच थांबते. उद्या सकाळी येईन."

"काऊन?"

तो एकच शब्द. मला तो तुटक वाटला. "तुम्हाला उगाच त्रास नको," मी म्हटलं.

"बरं. येजो मंग उद्या," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रात्र स्टँडजवळच्या लॉजवर काढली. उशीला तेलाचा वास, खाली रात्रभर हॉर्न. तरीही आपण समजूतदारपणे वागलो, याचं समाधान होतं. त्या समाधानाचा आता राग येतो.

सकाळी दहाच्या सुमाराला पोचले. काकूंनी पाणी दिलं, बस म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "काल सांबारवडी केली होती, आता तळून देतो," म्हणाल्या. सांबार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरचं आलं. ताटात आली ती बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळलेली, बोटभर जाड वळकटी. मोडली तर आत हिरवीगार कोथिंबीर, खसखस, भाजलेलं सुकं खोबरं, लसणाचा खमंग वास. सोबत वाटीभर कढी. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला तिथे बसून कळलं. थंडीत बाजारात सांबाराचे ढीग लागतात आणि मग घरोघरी या वड्या होतात. आम्ही जिला पुडाची वडी म्हणतो, तीच ही. खरं सांगते, पुण्यात इतकी चांगली कधी खाल्ली नव्हती.

खाता खाता विचारलं, "कालचे पाहुणे गेले का?"

"कोनते पाहुणे?"

"काल म्हणालात ना, येऊन राहिले म्हणून?"

आधी सून हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. झारा कढईत तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "अवो माय, ते तं तुयासाठीच म्हनलं मी! तूच तं पाहुणी." मग हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, पुन्याची पोरगी, आपल्या घरी राहाले आवडत नसन तिले."

माझा घास तोंडातच राहिला.

आपल्याकडे 'येऊन राहिले' म्हणजे आले आणि मुक्काम केला. तिकडे 'येऊन राहिले' म्हणजे येत आहेत, वाटेवर आहेत. हिंदीच्या 'आ रहे हैं'सारखंच. १९५६ पर्यंत विदर्भ हिंदी मुलुखाबरोबर एकाच राज्यात होता, तेव्हा ही सोयरीक असणारच. 'काऊन' म्हणजे साधं 'का'. आणि 'येजो' म्हणजे 'ये हं नक्की'. पुढच्या वेळेसाठीची आज्ञा इतक्या मायेने करणारं रूप माझ्या मराठीत नाही.

या बोलीला 'अशुद्ध' म्हणणारी माणसं माझ्या घरातही आहेत, आणि मी आजवर त्यांना कधी अडवलं नाही. परतीच्या वाटेवर मुद्दाम रिद्धपूरला उतरले. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून आपण ज्या 'लीळाचरित्रा'चं नाव घेतो, ते तेराव्या शतकात म्हाइंभटांनी याच गावात सिद्ध केलं. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच झालंय. शुद्ध-अशुद्ध ठरवायला पुण्यातून कोणी जायची गरज नाही.

निघताना काकूंनी स्टीलच्या डब्यात बारा वड्या भरून दिल्या. तो डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत करायचा नसतो. येत्या शुक्रवारी त्यांचा मुलगा गावी जातोय, त्याच्याबरोबर कोथिंबीरवड्या पाठवणार आहे. फोनवर तसं सांगितलं तर काकूंनी विचारलं, "म्हंजे कशी?"

वाफवलेल्या आहेत काकू, तळायच्या तेवढ्या बाकी ठेवल्यात.