आधी कुत्र्यांचं पातेलं

रविवारी आमच्या गॅसवर पहिलं पातेलं चढतं ते कुत्र्यांचं. त्यात मटणाचे चार-सहा मऊ तुकडे, मूठभर तांदूळ, दुधी किंवा गाजर आणि पाणी. कांदा नाही, लसूण नाही, मीठसुद्धा नाही. ते शिजून बाजूला झाकून ठेवलं की मग घरच्यांची फोडणी पडते. कोल्हापुरातल्या रविवारी हा क्रम पाळायला घट्ट मन लागतं. मटण घरात आल्यापासून दर पाच मिनिटांनी कुणीतरी स्वयंपाकघरात डोकावून "झालं काय?" विचारत असतं. पण आता सगळ्यांना सवय झाली आहे. आमच्या चिरंजीवांनाही माहीत आहे, मोत्या आणि बिजलीचं पातेलं उतरल्याशिवाय रश्श्याचं नाव काढायचं नाही.

मोत्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीतलाच. पिल्लू असताना पावसात आमच्या जिन्याखाली येऊन बसला आणि तिथलाच झाला. आता म्हातारा आहे, तोंडावरचे केस पांढरे झालेत, जिना चढताना मध्ये एकदा थांबतो. बिजली कागलकडची, माझ्या चुलतभावाच्या मळ्यातली. जातीची कारवान. लांब निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट, पाय नुसते काटक्या. याच जातीला सीमेपलीकडं मुधोळ म्हणतात. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आता कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी जातींच्या कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. माझ्या मुलीला हे कळल्यापासून ती बिजलीची ओळख करून देताना "हिच्या जातीचं तिकीट आहे" हे आधी सांगते, नाव नंतर. मला तिचा हा अभिमान फार आवडतो. आपल्याकडं परदेशी जातीचं कुत्रं पाळायची हौस मोठी, आणि इथल्या उन्हापावसात पिढ्यान्पिढ्या टिकलेली आपली कुत्री मात्र मळ्यात राखणीपुरती राहतात.

बाकीचे दिवस दोघांना फिरवायचं काम वाटून घेतलेलं असतं, कारण मी पतसंस्थेत, हे कारखान्यात, मुलं शाळा-क्लासला. रविवारी मात्र सगळे मिळून रंकाळा तलावावर जातो. उजाडायच्या आत निघायचं. एक तर डांबर तापलेलं नसतं. मी हाताची उलटी बाजू रस्त्यावर ठेवून बघते, आपल्याला सोसलं नाही तर त्यांच्या पंजांनाही सोसत नाही. दुसरं म्हणजे तेव्हा गर्दी कमी असते आणि बिजलीला लांब पावलं टाकता येतात. मोकळं मात्र सोडत नाही. कारवान नजरेनं शिकार करणारं कुत्रं. लांबवर मांजर हललं तरी तिचे कान मागं जातात आणि दोरी धरणाऱ्याचा खांदा निखळायची वेळ येते. "आई, मी धरतो तिला," असं म्हणत मुलगी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरते आणि मी दर वेळी तो वेढा सोडवते. मनगटाला गुंडाळायची नाही, मुठीत धरायची, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

मोत्याची चाल वेगळी. त्याला प्रत्येक खांब वाचायचा असतो. यांचा स्वभाव घाईचा, पण मोत्याबरोबर ते एकदम निवांत होतात, त्याच्या शेजारी हात मागं बांधून उभे राहतात. पाऊस सरून पाणी उतरायला लागलं की तळ्यात बुडालेला दगडी संध्यामठ हळूहळू वर येतो. मोत्या तिथं काठावर बसतो आणि हेही बसतात. आमचं लग्न झाल्यापासून मी यांना इतका वेळ गप्प बसलेलं दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. हा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि तो ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय, असं आमच्याकडं पूर्वापार सांगतात. मुलानं लहानपणी ही गोष्ट इतकी मनावर घेतली होती की तो नंदीपाशी गेला की आधी पाण्यापर्यंतची वाट बघायचा. आता तो काम मोत्याला लावतो. "मोत्या, बघ रे, किती राहिलंय?" मोत्या नंदीकडं न बघता शेपटी हलवतो. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायचं. म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढून पेला हातात देतात, वर फेस. आत्तींसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, किटलीत घ्यायचं. कुत्र्यांना दूध देत नाही, मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही आणि मग रात्रभर जिन्यावरून खाली-वर करावं लागतं. ते दोघं म्हशींकडं बघत शहाण्यासारखे बसतात. बिजलीला म्हशींची भीती वाटते हे तिला बघून कुणाला पटणार नाही, पण वाटते.

आता मटण. 2019 साली मटणाच्या दरावरून आंदोलन झालेलं हे शहर आहे, तेव्हा रविवारी सकाळची दुकानापुढची रांग काय असते ते समजून घ्या. ती यांची. आमचे मटणवाले मामा "नेहमीचं का वहिनींचं?" असं विचारतात. वहिनींचं म्हणजे मऊ, बिनहाडाचे, चरबी काढलेले तुकडे वेगळ्या पिशवीत. पहिल्यांदा मी तसं मागितलं तेव्हा रांगेतले दोघं-तिघं वळून बघत होते. आता त्यातल्याच एकांनी त्यांच्या कुत्र्यासाठी तसंच बांधून घ्यायला सुरुवात केली आहे.

वेगळं का, हे मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी मोत्याच्या पहिल्या लशीच्या वेळी समजावलं होतं. आमच्याकडं मटण शिजतं ते कांदा, आलं-लसूण, हळद घालून. त्यातली अळणी, म्हणजे तिखट घालायच्या आधीचं मटणाचं पाणी, लहान पोरांना, आजाऱ्याला देतात, बाकीच्याचा तांबडा-पांढरा रस्सा होतो. अळणी कुणालाही निर्धोक वाटेल. पण त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं तो गुण जात नाही, वाळवल्यानंही जात नाही. आणि आपला कांदा-लसूण मसाला तर दोन्ही वाळवून, कुटून केलेला. थोडक्या वजनात कितीतरी कांदा. त्रास लगेच दिसतही नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर घरातल्या कुणाला त्या दिवशीचा रस्सा आठवत नाही. म्हणून ताटातलं उरलेलं, रस्सा लागलेली भाकरी, बोटं चाटवणं, सगळं बंद. घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी दारातच सांगते. एक-दोघांना राग येतो. येऊ दे.

हाडांचंही तसंच. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि चावताना टोकदार तुकडे पडतात. नळी तर बिलकूल नाही, ती कडीसारखी खालच्या जबड्यात अडकून बसते. तशीही आमच्याकडं नळी शिल्लक राहत नाही. ती कुणाची यावरून दोन्ही मुलांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

श्रावणात काय, हा प्रश्न पहिल्या वर्षी आला. घरात महिनाभर वशाट बंद. मी डाळ-भात आणि भाज्यांवर भागवायचं ठरवत होते. आत्तींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आगं, त्यांस्नी कसला श्रावण? गच्चीवर चूल मांड आणि अंडी उकड." तेव्हापासून श्रावणात गच्चीवर एक छोटी शेगडी असते, तिची भांडी वेगळी, आणि अंडी सोलायला आत्ती स्वतः बसतात. माळकरी बाई आहेत, अंड्याला हात लावल्यावर दोनदा साबणानं धुतात, पण सोलायला त्यांच लागतात.

आत्तींचं कुत्र्यांशी नातं दत्तामुळं. आमच्याकडं मानतात की दत्तगुरू दुपारच्या भिक्षेला करवीरात येतात. दत्ताबरोबर चार कुत्री, ते चार वेद. त्यामुळं दुपारी बाराच्या सुमाराला दारात आलेल्या कुत्र्याला हाकलायचं नाही, ही त्यांच्या सासूची शिकवण. नृसिंहवाडीला जाऊन आल्या की प्रसादाच्या पेढ्यातला कण मोत्याच्या कपाळाला लावतात, तोंडात घालत नाहीत, कारण गोड त्याला चालत नाही हे त्यांनी कधीच मान्य केलं आहे. शिकलेल्या कितीतरी लोकांपेक्षा त्यांना हे चटकन कळलं. "ज्याला जे सोसतं ते द्यावं," एवढंच त्यांचं म्हणणं.

जेवणं झाली की गच्चीवर गोचीड बघायचे. हे काम माझं आणि ते मला मनापासून आवडतं. आधी बोटांची पेरं केसांत उलट दिशेनं फिरवायची. मानेखाली, काखेत, बोटांच्या मधल्या पडद्यात आणि कानाच्या घडीत. मोत्याच्या डाव्या कानाला एक दुमड आहे, तिथं हमखास सापडतो. रक्त पिऊन फुगलेला राखाडी, गुळगुळीत, आणि त्याच्या मुळाशी लालसर कडं. बारीक टोकाचा चिमटा अगदी कातडीला टेकवून धरायचा आणि सरळ, सावकाश वर ओढायचा. पिळायचा नाही, हिसकायचा नाही, नाहीतर तोंड आत तुटून राहतं. त्यावर रॉकेल ओतायचं नाही, काडी लावायची नाही. निघाला की स्पिरिटच्या बाटलीत. बोटानं चिरडायचा नाही. गोचीड ताप वाईट असतो, रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. त्यामुळं कुत्रं एक दिवस जेवलं नाही तरी मी डॉक्टरीणबाईंना फोन करते. मोत्या या सगळ्या वेळात डोळे मिटून मान माझ्या मांडीवर टाकतो. बिजली मात्र दर अर्ध्या मिनिटाला उठून गच्चीची फेरी मारून येते.

रविवारी दुपारी शाहू स्टेडियमवर मॅच असली की मात्र बेत बदलतो. कोल्हापूरची पेठापेठांतली फुटबॉलची ईर्षा माहीत असेलच. आमचे हे स्वतः त्यातले, मॅच चुकवत नाहीत. पण जिंकल्यावर गल्लीत फटाक्यांच्या माळा लागतात आणि मोत्या थरथर कापायला लागतो. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. त्या कानांत सुतळी बॉम्ब काय होत असेल. मॅच संपायच्या आधी मी मधल्या खोलीच्या खिडक्या लावते, पंखा मोठा करते, टीव्ही लावते आणि पलंगाखाली त्याची गोधडी टाकते. तिथून ओढून बाहेर काढायचं नाही, आपण जवळ खाली बसायचं. हे स्टेडियमवरून "आलोच, जिंकलो" असा फोन करतात, तो खरं तर मोत्यासाठी असतो. मागच्या हंगामात यांनी तालमीतल्या पोरांना सांगून आमच्या दारापुढची माळ कोपऱ्यावर न्यायला लावली. पोरांनी ऐकलं. यांच्याबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, इथं लिहून ठेवते.

पावसाळ्यातले रविवार वेगळे. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. आमच्या पेठेत राहणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. 2019 चा आणि 2021 चा पूर आम्ही पाहिलाय. 39 ची बातमी आली की कागदपत्रांच्या पिशवीशेजारी दुसरी पिशवी दारात येते. तिच्यात दोघांच्या दोऱ्या, लशींची पुस्तकं, औषधं, कोरडं खाणं आणि जाळीची मुसकी. मुसकी चावतात म्हणून नाही. घाबरलेल्या कुत्र्याला ट्रॅक्टरमध्ये अनोळखी माणसांनी उचललं तर कुणालाच इजा नको. राजारामपुरीत माझी बहीण राहते. तिनं एकदाच सांगून ठेवलंय, "तुम्ही नंतर आलात तरी चालेल, कुत्र्यांना आधी पाठवा." पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, म्हणून त्याची लस दोघांना दर वर्षी पावसाळ्याच्या आधी.

लशीवरून आठवलं. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. लुई पाश्चर 1895 साली त्याच तारखेला गेले, त्यांच्या आठवणीत हा दिवस ठरला. यंदा त्याच्या आसपासच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या मोकळ्या कुत्र्यांना लस द्यायचं आम्ही शेजारी मिळून ठरवतोय. डॉक्टरीणबाई यायला तयार आहेत. कुत्री माणसाळलेली आहेत, पण सुईपुढं कोण कसं वागेल सांगता येत नाही, म्हणून त्यांना रोज खाऊ घालणारी ओळखीची माणसं हवीत. शेवटच्या घरातल्या काकू "काळी माझ्या हातानंच धरायची, दुसऱ्या कुणी जायचं नाही" असं आत्ताच बजावून गेल्यात. लस टोचणारे आणि धरणारे यांनी स्वतःची लस आधीच घेतलेली असावी. तरी कुणाला दात लागलाच तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि तिथून थेट दवाखाना.

बिजली-मोत्याच्या पातेल्याच्या दुप्पट पातेलं त्या दिवशी चढवायचं आहे. गल्लीत कुणाकडं मोठं पातेलं असेल तर कळवा, आमचं पुरणार नाही. सोलायला आत्ती आहेत, अंडी तुम्ही आणा.