फियाट पद्मिनी १,०८९ सीसी: हेड बसवण्याआधीचं कॉम्प्रेशनचं गणित

फोंड्यातल्या पद्मिनीचा ब्लॉक बोअरिंग-होनिंग होऊन आला. मूळ बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. आता ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन बसणार, म्हणजे बोअर ६८.५. हेड बसवण्याआधी कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची वरची जागा भागिले तो वर असतानाची जागा) मोजून घ्यायचा, कारण पुस्तकातला आकडा कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचा असतो. इतक्या वर्षांत हेड किती वेळा फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) गेलं, पिस्टन कुठल्या मेकचे आले, गॅस्केट किती जाड, हे त्या आकड्याला माहीत नसतं.

बोअर वाढला की रेशो बराच वाढतो अशी समजूत आहे. इथे एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खालून वर सरकतो तेवढी जागा) २७२.४ वरून २७६.४ सीसी झालं. बाकी सगळं तेच ठेवलं तर रेशो ७.७ चा ७.८ होतो, बस. खरा खेळ पिस्टनच्या वर उरणाऱ्या चाळीसेक सीसीत आहे. तिथे एक सीसी इकडेतिकडे झाला की रेशो ०.१७ ने हलतो.

हेडमधला ज्वलनाचा चेंबर मोजायच्या आधी व्हॉल्व्ह सीट कटिंग आणि लॅपिंग पूर्ण हवं. ३० मिमीचा व्हॉल्व्ह अर्धा मिमी आत बसला तर चेंबर ०.३५ सीसीने मोठा होतो. प्लगही जो वापरणार तोच लावायचा. व्हॉल्व्हच्या सीटला आणि चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, वर ८ मिमी जाड ॲक्रिलिकचा तुकडा दाबून बसवा आणि त्याला ५ मिमीचं भोक ठेवा. हेड किंचित कलतं ठेवून भोक सर्वांत उंच भागाकडे आणलं की हवा आपोआप निघते. ५० सीसीच्या ब्युरेटमधून रंगीत पाणी सोडा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटून राहत नाहीत. स्पिरिट वापरू नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. इंजेक्शनच्या सिरिंजवर भागवायचा मोह होतो, पण पुन्हा पुन्हा भरताना प्रत्येक वेळी थोडी चूक साचत जाते.

चार चेंबर भरले ते असे: ३४.२, ३४.९, ३४.५, ३४.८ सीसी. यातला फरक फेसिंगने जात नाही. सगळ्यांत मोठा चेंबर प्रमाण धरून बाकीचे त्याच्याइतके करायचे. पहिल्यातून ०.७ सीसी, तिसऱ्यातून ०.४, चौथ्यातून ०.१ इतका धातू बारीक स्टोनने काढायचा. तो व्हॉल्व्हच्या सीटजवळून काढू नका, ओतकामाच्या धारदार कडा आणि टोकं गोल करून काढा. याच कडा तापून लाल होतात आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात, त्यामुळे एका कामात दोन फायदे.

डेक क्लिअरन्ससाठी, म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून (डेक) किती खाली राहतो ते मोजायला, मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावला. पिस्टन बोअरमध्ये डुलतो, म्हणून माप गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) रेषेवर दोन्ही टोकांना घेऊन सरासरी काढायची. पिनच्या आडव्या बाजूला घेतलेलं माप फसवं येतं. चारही पिस्टन टीडीसीला (सर्वांत वरच्या टोकाला) डेकच्या ०.३० मिमी खाली आहेत: १.१ सीसी. एखादाच पिस्टन वेगळा आला असता तर कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते आधी पाहावं लागलं असतं. या सेटचे पिस्टन सपाट आहेत. घुमट किंवा खळगा असेल तर पिस्टन १० मिमी खाली आणा, कडेला ग्रीस लावा, वर ॲक्रिलिक ठेवून भरा. ६८.५ बोअरला तिथे ३६.८५ सीसी मावायला हवं. कमी मावलं तर तेवढा घुमट, जास्त मावलं तर तेवढा खळगा. हे माप पाण्याने नाही, पातळ तेलाने घ्या. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत होन केलेला उघडा बोअर एका रात्रीत तांबूस होतो.

गॅस्केटची जाडी दाबल्यानंतरची धरायची. त्याच मेकचं जुनं, उतरवलेलं गॅस्केट मायक्रोमीटरने फायर रिंगपाशी (सिलिंडरच्या भोकाभोवतीची धातूची कड) मोजलं तर १.२ मिमी आलं. रिंगचा आतला व्यास ७० मिमी, म्हणून ४.६ सीसी. बोअर मोठा केल्यावर हा व्यास तपासलाच पाहिजे. रिंग बोअरच्या आत डोकावली तर तीही तापून लाल होते.

बेरीज: ३४.९ + ४.६ + १.१ = ४०.६ सीसी. २७६.४ ला त्याने भागून एक मिळवला की ७.८. वरच्या रिंगच्या डोक्यावरची पाव सीसी फट धरली तर ०.०४ ने कमी. १.६ मिमीचं गॅस्केट टाकलं असतं तर ७.५५.

८.५ का नको? त्यासाठी प्रत्येक चेंबरमधून ३.८ सीसी घालवावे लागतील. चेंबरचं तोंड सुमारे ३० चौरस सेमी धरलं तर फेसिंग सव्वा मिमी. ॲल्युमिनियमच्या जुन्या हेडला तेवढं मारणं आम्हाला मुळीच पटत नाही. हेडचा तळ पातळ होतो, पुशरॉड तेवढेच लांब ठरतात, रॉकरचा कोन बिघडतो. किनाऱ्याकडच्या खाऱ्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये गेलेलं असेल तर पाण्याच्या वाटांभोवती हेड आधीच खाल्लेलं असतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घाला.

शिवाय गोवा समुद्रसपाटीला आहे. बेळगावला, सुमारे ७५० मीटरवर, हवेचा दाब आठेक टक्के कमी असतो. तिथे न ठोकणारं इंजिन इथे ठोकू शकतं (मिश्रण एकदम फुटून टकटक आवाज येतो). चोर्ला घाटाच्या पायथ्याला टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडी ओढणं ही सगळ्यात कठीण परीक्षा. ठिणगीचं टायमिंग जुलैत लावलं असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा ऐका. थंड, दमट हवेत ठोक दबलेला असतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ठोक सहन करतं, पण त्याला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ लागतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट मूळचाच ठेवला तर मिश्रण पातळ राहून हेड तापतं.

इंजिन सुरू झाल्यावर कॉम्प्रेशन गेज लावाल तेव्हा त्याच्या आकड्यावरून रेशो काढू नका. इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली जाऊन परतू लागल्यावर) बंद होतो आणि दाबताना हवा तापते, त्यामुळे दोन्हींचा सरळ हिशोब जुळत नाही. गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. चौघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा.