कुलूपबंद घरं आणि शनिवारचं पाणी

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेला लागलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी गावं लागतात, त्यातलंच आमचं एक. नाव लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी आणखी चार गाड्या.

आमच्या टाकीचं पाणी एरवी दुपारपर्यंत पुरतं. शनिवारी सकाळी दहालाच नळ फुसफुसायला लागतो. जलजीवनच्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरतात, आणि माणूस म्हणजे गावात राहणारं माणूस. तंबूत झोपायला आलेलं माणूस त्या हिशेबात नाही, आणि त्याला तर शॉवर लागतो! तिघा तंबूवाल्यांकडे गावच्याच नळाची जोडणी आहे. बाकीच्यांनी बोअर मारले, तेही झऱ्याच्या वरच्या अंगाला. खाली सगळा जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा खडक. पावसाळ्यात पाणी नको नको होतं आणि मार्चात झऱ्यावर वाटीनं हंडा भरावा लागतो. आत्याबाई म्हणतात, "पाऊस बघून पोरगी दिली आन् हंडा बघून रडली." हे त्या स्वतःबद्दल बोलतात की माझ्याबद्दल, अजून कळलेलं नाही.

माझं माहेर शाहूपुरीचं. लहानपणी घरामागं ज्वारी होती. नंतर एक बंगला, मग चार, मग अपार्टमेंट. २०२० साली साताऱ्याची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी नगरपालिकेत गेली. पण गाव त्या दिवशी गेलं नव्हतं. कधी गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. म्हणून बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा माझा एकच हेका होता: बाहेरच्याला एक गुंठा नको.

तो हेका शेजारच्या काकूंच्या मुलानं मोडला. मुंबईला भाजी मार्केटात होता, लॉकडाऊनमध्ये आला तो परत गेला नाही. घराच्या दोन खोल्या शेणानं सारवून पाहुण्यांना देतो. काकू नाचणीची भाकरी आणि पिठलं करतात. आमच्याकडे माणूस टिकत नाही, माथाडीत नाहीतर मार्केटात जातो, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. तो मला म्हणाला, "वहिनी, दादा एमआयडीसीत जातात. मी कुठं जाऊ?" मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या दोन खोल्या आणि वरच्या माळावरचे वीस तंबू मी एकाच नजरेनं बघत होते, ते चुकत होतं.

ग्रामसभेला विषय आला पाणंदीचा, म्हणजे माळाकडे जाणाऱ्या गुरांच्या वाटेचा. माळावर २० गुंठ्यांचा एक तुकडा आहे, त्याच्या सातबाऱ्यावर अकरा नावं. तुकडेबंदीच्या कायद्यामुळं वेगळे गुंठे करता येत नव्हते, म्हणून सामाईक खरेदी. त्यांना पाणंद ३० फूट रुंद आणि डांबरी करून हवी होती, खर्च त्यांचाच. तात्या उठून म्हणाले, "फुकट रस्ता मिळतोय, नाही कशाला म्हणायचं? माझी सून बाळंतपणाला डोलीतून नेली होती." त्यावर बोलायची कुणाची छाती होणार? माझीही झाली नाही. फक्त विचारलं, रस्ता झाला की गुरं कुठनं जाणार. एक जण हसला. गुरं किती राहिलीत आता, म्हणाला.

गुरांवरून मला पठार आठवलं. कासच्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गर्दी आवरायला जाळीचं कुंपण घातलं, आणि काही वर्षांनी ते काढलं. गुरं चरायची थांबल्याचा फुलांनाच फटका बसत होता. तिथं हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे. गावाला मर्यादा कुणी घालायची?

मग आम्ही शिवारफेरी काढली, गावची जमीन पायी फिरून मोजायला. काढायचं कारणही होतं: नवीन महाबळेश्वर या सरकारच्या थंड हवेच्या ठिकाणाच्या प्रकल्पात सुरुवातीलाच २३५ गावं धरली होती. असा कुठलाही आराखडा हरकतींसाठी खुला झाला की तोंडी गाऱ्हाणं चालत नाही, कागद लागतो. शाळेतल्या पोरांना टेप दिला. कायद्यानं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापराची वाट सोपी करून दिली आहे. वाढत्या घरांना जागा मिळावी, हा हेतू चांगलाच. पण टेप ओढत गेलो तर २०० मीटर भरायच्या आधीच झरा आला. सगळे गप्प. तात्याच शेवटी म्हणाले, "ह्ये तर आपल्याच हातानं बुजवायला निघालोय की."

देवळाच्या ओट्यावर रांगोळीनं नकाशा काढला. झरा आणि त्याच्या वरचा माळ पिवळ्या रंगात, पाणंद पांढऱ्यात, जत्रेचं मैदान हिरव्यात. लाल रंग घरांना. आणि लाल ठिपके मोजताना जे दिसलं ते मला एवढी वर्षं दिसलं नव्हतं. ६८ घरांपैकी २६ ना कुलूप! मालक नवी मुंबईत, घणसोलीला, कोपरखैरण्याला. जत्रेला दोन दिवस उघडतात. म्हणजे गावाला वाढायला जागा गावातच होती. नळ, गटार, दिवा, सगळं तिथं आधीच आहे. माळावर नवं काही न बांधता ही घरं पाहुण्यांना आणि परत येणाऱ्या पोरांना द्यावीत, असा ठराव मी मांडला. पाणंद पंधरा फुटांची, मुरमाची, रुग्णवाहिका जाईल एवढी. ही तडजोड तात्यांची, माझी नव्हे. पाणंदीचा ठराव लगेच मंजूर झाला. घरांचा अडला.

कारण मुंबईकर. त्यांच्या मंडळाच्या ग्रुपवर मी निरोप टाकला. निम्म्यांनी अंगठा दाखवला, निम्म्यांनी विचारलं, भाडं किती. एका घराला चार भावांच्या वारसांची सात नावं, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. एक चुलत दीर म्हणाले, "वहिनी, आमचं घर नको. आई त्यात गेली." त्यांना मी पुन्हा फोन केला नाही.

आत्तापर्यंत तीन घरांना होकार आलाय. परवा पहिल्या घराची किल्ली एसटीच्या कंडक्टरच्या हाती आली, फडक्यात बांधून. कुलूप गंजलेलं, तेल घालूनही हलेना. काकूंच्या मुलानं शेवटी कडीच कापली. आत चुलीजवळ बशीत अर्धवट जळालेली उदबत्ती होती. पुढच्या शनिवारी पाहुणे सोडायचे की आधी पाण्याचा मीटर बसवायचा, यावर आमचं दोघांचं अजून भांडण चाललंय. मी मीटर म्हणते.